अठ्ठावीस फुटांची पट्टी आणि राखेएवढं बी

नागपुरातल्या आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंड वॉलला लागून आतल्या बाजूने अठ्ठावीस फूट लांब, चार फूट रुंद अशी एक पट्टी आहे. दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत पश्चिमेचं ऊन थेट तिच्यावर. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत तिथे 'लँडस्केप गार्डन' छापलेलं होतं. प्रत्यक्षात वर चार-सहा इंच काळी माती आणि खाली बांधकामाचा मलबा. त्यावर लॉन लावलेलं होतं. मे 2023 मध्ये बोअरवेल आटली, टँकर सुरू झाले, आणि टँकरचं पाणी लॉनला घालायचं का यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. पंधरा दिवसांत लॉनचं पायपुसणं झालं.

मी बँकेत नोकरी करते, बागकामाचा अनुभव गॅलरीतल्या कोरफडीपुरता. पण येताजाता ती उघडी पट्टी बघवेना. कमी पाण्यात जगणारं, जमिनीलगत पसरणारं काही लावावं असं डोक्यात आलं आणि ऑफिस टाइम आठवलं. पोर्चुलाका. सकाळी दहाच्या सुमारास फुलतं, दुपारनंतर मिटतं, म्हणून हे नाव. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्याकडे शाळेच्या कुंड्यांपासून सगळीकडे दिसतं. नर्सरीत एक रोप दहा रुपयांना होतं. अर्ध्या फुटावर एक धरलं तर पट्टीला साडेचारशे रोपं लागत होती, म्हणजे साडेचार हजार रुपये. बियांचं पाकीट साठ रुपयांचं. बियांपासून करायचं ठरलं ते या हिशोबामुळे. हौस नंतर आली.

आधी परवानगी. जागा सामाईक, त्यामुळे 11 जूनला सोसायटीकडे अर्ज दिला. वाटलं, सेक्रेटरी काका 'करा' म्हणतील. त्यांनी नकाशा मागितला, झाडांची यादी मागितली, आणि भिंतीला ओल येणार नाही असं लेखी मागितलं. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडं राहिलं पाहिजे ही अट मात्र रास्त होती, मला सुचलीच नव्हती. पहिली मीटिंग कोरमअभावी पुढे गेली. 9 जुलैला ठराव झाला : 'शोभेच्या, बुटक्या व कमी पाण्याच्या झाडांची लागवड करण्यास परवानगी, खर्च रु. 1500 पर्यंत, बिले जोडणे आवश्यक.' ठरावाची सही-शिक्क्याची प्रत तेव्हाच मागून घ्या. पुढे तीन वेळा ती दाखवावी लागली, एकदा तर ज्यांची त्यावर सही होती त्यांनाच.

मजूर लावून पट्टी सहा इंच खणून घेतली, पाचशे रुपये गेले. काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मांसल पानांच्या झाडांना ती चालत नाही, मुळं कुजतात. शेजारच्या प्लॉटवर पायव्याचं काम चालू होतं, तिथला मुरूम फुकट मिळाला. कन्हान नदीच्या रेतीची सहा पोती तीनशेला. दोन भाग मुरूम, एक भाग रेती, एक भाग तीच काळी माती आणि वर नावापुरतं शेणखत. खत जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं रुसतात.

आता बी. पाकीट फोडलं ते जेवणाच्या टेबलावर, डोक्यावर पंखा फुल स्पीडवर. जुलैतल्या नागपुरात पंखा बंद करायचं कुणाच्या मनात येतं? पोर्चुलाकाचं बी राखाडी, पोलादासारखी चमक असलेलं आणि राखेच्या कणाएवढं असतं. अर्धं पाकीट कुठे गेलं ते मला आजवर कळलेलं नाही. उरलेलं बी मी खसखशीसारखं चिमटीने पेरलं आणि वरून व्यवस्थित माती लोटली. ही दुसरी चूक. या बियांना रुजायला उजेड लागतो. वर माती टाकायची नाही, नुसतं दाबायचं.

चुका कळल्या त्या दुसऱ्या पाकिटाच्या वेळी. चहाच्या चमच्याभर चाळलेल्या कोरड्या रेतीत बी मिसळलं, पोस्टकार्डाला मधोमध घडी घातली, आणि त्या पन्हळीतून बोटाने टिचक्या मारत ट्रेवर सोडलं. रेती फिकट रंगाची असली की कुठे पडलं आणि कुठे नाही ते दिसतं. वरून एक गुळगुळीत फळी दाबली. पाणी वरून घालायचं नाही. ट्रे परातीत ठेवायचा आणि परातीत बोटभर पाणी ओतायचं, ट्रेमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ते खालून ओढून घेतं. वरचा थर गडद दिसला की ट्रे उचलायचा.

15 जुलैला पेरलं, सहाव्या दिवशी हिरवी धूळ दिसली. खरोखर धूळच. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक कणाला दोन जाड पानं आणि लालसर देठ. त्या दिवशी ऑफिसात मी तीनदा फोटो काढून पाहिला. आठवड्याने ट्रेच्या एका कोपऱ्यातली रोपं आडवी झाली, दुसऱ्या दिवशी मधली, आणि 30 जुलैला सगळा ट्रे. देठ जमिनीपाशी केसासारखे बारीक होऊन रोपं कोलमडतात. दमट हवेत, दाट पेरणीत, ओल्या कोकोपीटवर बुरशीला याहून चांगलं आमंत्रण काय असणार! वर मी पॉलिथिन झाकलं होतं आणि ते उगवल्यावर काढलंच नव्हतं. उगवण दिसली त्याच दिवशी झाकण काढा.

27 ऑगस्टला पुन्हा पेरलं, या वेळी विरळ. पहिल्या रात्रीच मुंग्यांनी बिया उचलून न्यायला सुरुवात केली. टॉर्च लावून पाहिलं तर कुंभमेळ्याला निघाल्यासारखी रांग, प्रत्येकीच्या तोंडात माझं बी. स्टूलच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, प्रश्न मिटला. रोपं चांगली झाली, चार-सहा पानांची. 20 सप्टेंबरच्या आसपास मी ट्रे खाली पट्टीजवळ नेऊन ठेवले, रोपांना उन्हाची सवय व्हावी म्हणून.

22 सप्टेंबर. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. तळमजल्यावरच्या काकूंकडे सोळा भाज्या, पुरणपोळी, आम्ही सगळे तिथेच. रात्री उशिरा पाऊस सुरू झाला तो थांबेना. पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. त्या रात्री शहरात माणसं गेली, लोकांची घरं-दुकानं गेली, तेव्हा ट्रेचं दुःख सांगायची मला लाज वाटते. आमच्याकडे फक्त पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. सकाळी आम्ही सगळे काकूंचं सामान उचलण्यात होतो. दुपारी कुणीतरी गेटच्या जाळीत अडकलेला एक ट्रे आणून दिला. त्यात चिखल होता.

मग मी महिनाभर त्या पट्टीकडे पाहिलंच नाही, असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे तीन आठवडेसुद्धा धीर धरला नाही.

माझी भाची डेन्व्हरला असते. तिकडे बागेत आइस प्लांट नावाची जमिनीलगतची झाडं सर्रास असतात, मांसल पानांची, वर्षानुवर्षं टिकणारी. ती म्हणाली, "मावशी, कुरिअरमध्ये बी टाकून देते, कोणाला कळतंय!" मी बँकेतली, कागद वाचायची सवय. पेरणीसाठी बी परदेशातून आणायचं तर 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे इकडून आयातीचा परवाना आणि तिकडून झाडांच्या आरोग्याचा दाखला, म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं. हौसेच्या एका पाकिटासाठीसुद्धा. नियम जाचक वाटतो, पण गाजर गवत या देशात परदेशी धान्याबरोबर आलं असं मानतात, आणि नागपूरच्या कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर त्याचं काय झालंय ते दिसतं. मी भाचीला नाही म्हटलं. आपल्याकडे हिवाळी फुलझाडांच्या पाकिटांत आइस प्लांट मिळतंच, एका हंगामाचं. पन्नास रुपये पाकीट, दोन घेतली.

15 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पेरलं. घटातले गहू तीन दिवसांत वर आले. दसऱ्याला तुऱ्यात खोवण्याइतके झाले. माझा ट्रे कोराच. काकू रोज विचारायच्या, "काय गं, उगवून राहिलं का काही?" पुन्हा परातीत पाणी, पुन्हा भिंग. विसाव्या दिवशी ट्रे धुऊन ठेवायच्या बेतात होते. मग रात्री गारवा आला आणि दिवाळीच्या आठवड्यात एकदम दोनशेच्या वर रोपं. हे झाड दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं, तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. गारवा आणि ओल एकत्र आली की त्याचं बी जागं होतं. ऑक्टोबर हीटमध्ये ते मुकाट बसून राहिलं यात त्याचा काय दोष? नागपुरात याची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा, माझ्यासारखे तीन आठवडे ट्रेकडे टक लावून बसावं लागणार नाही.

डिसेंबरात ती रोपं पट्टीत गेली. टूथपिकने उचलायची, पान धरायचं, देठ धरायचा नाही. संध्याकाळी लावायची आणि चार-पाच दिवस जुन्या सुती साडीची सावली. दोन रोपांत अर्ध्या फुटाचं अंतर.

या झाडाची पानं पाहण्यासारखी असतात. त्यांच्यावर पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पुटकुळ्या असतात, त्यामुळे भर दुपारी दव पडल्यासारखी चमकतात. चौकीदार भाऊंना वाटलं मी पाणी मारून गेले. पण एरवी ते उलटंच करायचे. रोज संध्याकाळी गाड्या धुऊन झाल्या की उरलेलं पाणी पाइपने झाडांना. जानेवारीत एका टोकाची तीसेक रोपं बुडाशी कुजली तेव्हा मला उलगडा झाला. सांगायला गेले तर ते म्हणाले, "म्याडम, झाडाले पानी नाई द्याचं म्हनता? मंग लावलं कायले?" प्रश्न बिनतोड होता. पाटी लावली : 'कृपया पाणी घालू नये.' त्यावर पहिल्या मजल्यावरच्या एकांनी ग्रुपवर टाकलं की आपल्या सोसायटीत आता झाडांनाही उपवास.

फेब्रुवारीच्या मध्यात फुलं आली. गुलाबी, नारिंगी, पिवळी, मध्यभाग गडद. ढगाळ दिवशी उघडायची नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं वाळून करड्या रंगाचं झालं आणि मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याच सुमारास एक गंमत सापडली. वाळलेली बोंडं गोळा करून वाटीत ठेवली होती. ती हाताने फुटेनात. वैतागून एकावर पाण्याचा थेंब टाकला आणि ते माझ्यासमोर, मिनिटा-दोन मिनिटांत, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं उघडलं. आत बी. वाळल्यावर पुन्हा मिटलं. पाऊस आल्याशिवाय बी सोडायचंच नाही अशी त्याची तजवीज. शेजारची मुलं त्या दिवशी ड्रॉपर घेऊन तासभर बसली होती.

ऑफिस टाइमची चौथी पेरणी 11 फेब्रुवारीला केली. तोपर्यंत माझ्या डोक्यात हिशोब बसला होता : पोर्चुलाकाला ऊब हवी, रोपांना कोरडी हवा हवी, आणि जून उजाडायच्या आत मुळं खोल गेलेली हवीत. नागपुरात हे तिन्ही जुळतं ते फेब्रुवारीत. पाकिटांवर लिहिलेलं 'वर्षभर पेरा' विसरा. पाचव्या-सहाव्या दिवशी उगवण, एकही रोप कोलमडलं नाही. पाण्याची एक चूक मात्र झाली. बोअरवेल पुन्हा कुरकुरत होती म्हणून आरओचं टाकाऊ पाणी परातीत ओतलं. दहा दिवसांत कोकोपीटवर पांढरी खपली आणि रोपं जागच्या जागी थांबलेली. त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, आणि खालून पाणी दिलं की ते वर येऊन साठतात. कूलरच्या टाकीतल्या तळाच्या पाण्याचंही तेच. एकदा वरून हलक्या झारीने साधं पाणी देऊन धुतलं, मग सावरली.

17 मार्चला तीनशे रोपं पट्टीत लावली, आइस प्लांटच्या ओळींमधून. 9 एप्रिलला, गुढीपाडव्याला, पहिलं फूल. पेरल्यापासून आठ आठवडे. पाकिटावर भरगच्च दुहेरी फुलांचा फोटो होता, माझ्याकडे निम्मी-अधिक एकेरी आली. बियांतून दुहेरी शंभर टक्के मिळत नाहीत, हवीच असतील तर आवडलेल्या झाडाची काडी खोचा. मला एकेरीच आवडली. त्यांच्या मधल्या पुंकेसरांना काडीने हळूच स्पर्श केला तर ते त्या बाजूला झुकतात. दुहेरी फुलात ही मजा नाही. मधमाश्याही एकेरीवर जास्त दिसल्या.

खरी परीक्षा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत. 25 मेपासून नागपुरात दुपारी कुत्रंही रस्त्यावर नसतं. 30 मे 2024 ला तर शहरात 56 अंशांची बातमी देशभर फिरली. नंतर स्वयंचलित यंत्रातला बिघाड असल्याचा खुलासा झाला, पण तोवर पुण्याच्या नातेवाइकांचे 'जिवंत आहात ना' असे फोन येऊन गेले होते. मी दर आठ दिवसांनी, रात्री नऊनंतर, पट्टीला दोन बादल्या पाणी देत होते. रात्री देण्याचं कारण मुख्यतः माझी सोय. पण ही झाडंही रात्रीची माणसं आहेत म्हणायला हरकत नाही. पाण्याची ओढाताण असली की पोर्चुलाका पानांची छिद्रं दिवसा मिटून ठेवतं आणि रात्री उघडून हवा आत घेतं, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. पानं सुरकुतली, फुलं लहान झाली, पण मेली ती फार तर वीस.

आणि ज्या टोकाला जानेवारीत आइस प्लांट कुजलं होतं, तिथे मेच्या मध्यात काहीतरी हिरवं पसरायला लागलं. मी लावलेलं नव्हतं. जमिनीला चिकटलेलं, तांबूस दोऱ्यासारखी देठं, तांदळाएवढी जाड पानं, सांध्यासांध्यावर पांढरट लव, आणि सकाळी चार पाकळ्यांचं टाचणीच्या डोक्याएवढं पिवळं फूल. तण म्हणून उपटायला बसले होते. काकू खिडकीतून ओरडल्या, "अगं, काय करून राहिली? चिवळ आहे ती!"

चिवळ. उन्हाळ्यात बाजारात ढिगाने येते, बेसन लावून किंवा मुगाच्या डाळीत करतात, आंबटसर, निवडताना जीव जातो. मी लहानपणापासून खाते आहे, पण जमिनीवर वाढलेली कधी ओळखू आली नाही. ही पोर्चुलाकाचीच सख्खी बहीण. काकू चिवळ धुतात, मातकट पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून खिडकीतून पट्टीच्या त्या टोकाला ओततात. त्या पाण्यातून बी गेलं, देठांचे तुकडेही गेले असतील, ती सांध्यापाशी मुळं धरते. न पेरता, न झाकता, न भिंग लावता. नवतपात तिच्यावर एक सुरकुती नव्हती. चार बाय सहा फुटांचा गालिचा जूनपर्यंत तयार होता, आणि माझ्या तीन ट्रेंपेक्षा दाट होता हे मी थोडं नाराजीनेच मान्य केलं.

पावसाळ्यात ऑफिस टाइमची तिसरा हिस्सा रोपं गेली, मुख्यतः चेंबरजवळच्या उतारावर जिथे पाणी साचतं. तिथे आता गिट्टीची चुरी टाकून जागा उंच केली आहे. बाकीच्या रिकाम्या जागांत ऑगस्टअखेर आपोआप रोपं उगवली. पोर्चुलाकाच्या बोंडाला कुंकवाच्या करंड्यासारखं झाकण असतं, पिकलं की ते आडवं सुटून पडतं आणि बी तिथेच सांडतं. बी जमवायचं असेल तर झाकण पिवळं पडताच बोंड कागदी पाकिटात काढा, एक दिवस उशीर झाला की नुसती वाटी हाती लागते. मी दोन आगपेट्या भरून ठेवलं आहे.

खर्च एकूण 1690 रुपये झाला : मजुरी 500, रेती 300, पोर्चुलाकाची पाच पाकिटं 300, कोकोपीट 220, खत 150, चार ट्रे 120, आइस प्लांट 100. ठरावाच्या वरचे 190 मी घातले. सप्टेंबर 2024 च्या वार्षिक सभेत बिलं ठेवली. रेतीवाल्याचं बिल साध्या कागदावर होतं म्हणून त्यावर दोन सह्या घ्याव्या लागल्या, बाकी मंजूर.

मग एका सदस्यांनी हरकत घेतली. ठरावात 'शोभेची झाडे' म्हटलं आहे, आणि सामाईक जागेतून तळमजल्यावर भाजी खुडली जाते. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. सेक्रेटरी काकांनी चष्मा वर करून ठरावाची प्रत मागितली, मी पिशवीतून काढून दिली. त्यांच्या घरी जूनमध्ये दोन वेळा चिवळ गेली होती हे मला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. त्यांनी बराच वेळ ती प्रत वाचली. शेवटी म्हणाले, "तुम्ही असं करा, चिवळीसाठी वेगळा अर्ज द्या."

दिला आहे. सोबत नकाशा जोडला आहे.